आजोबांचा दाखला

(नागरिकत्व आणि वंशपरंपरा या विषयावर मलकापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्याकडे श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांचे नाव घेण्याची पद्धत आहे. पिता, पितामह आणि प्रपितामह. मातृकुलातील तीन पिढ्यांचेही स्मरण केले जाते. हा केवळ धार्मिक विधीचा भाग आहे, असे वरवर पाहता वाटते. परंतु जगातील अनेक राष्ट्रांच्या कायद्यांत नेमका हाच प्रश्न विचारला जातो : तुमचे आजोबा कोण? त्यांचा जन्म कोठे झाला? त्याचा पुरावा काय? या तीन प्रश्नांच्या उत्तरावर माणसाला एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळते किंवा नाकारले जाते. आजोबांचे नाव पाठ असणे ही संस्काराची गोष्ट झाली. ते कागदावर सिद्ध करता येणे ही वेगळी गोष्ट आहे.

आजोबांच्या आधारे नागरिकत्व हा विषय मलकापूरसारख्या तालुक्याच्या गावाशी कसा निगडित आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर याच परिसरात आहे. जळगावपासून अकोल्यापर्यंत या लोहमार्गावरील बाजारपेठांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची दुकाने आहेत. याच परिसरातील तरुण अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले आहेत आणि त्यांची मुले तेथील नागरिक म्हणून जन्माला येत आहेत. येणारे आणि जाणारे, दोघांच्याही वाटेवर आजोबांचा दाखला उभा आहे.

राज्यघटनेतील आजी-आजोबा

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. परंतु नागरिकत्वासंबंधीची कलमे ५ ते ९ ही त्याआधीच, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लागू करण्यात आली. कारण उघड होते. राष्ट्र कोणाचे, हे ठरल्याशिवाय निवडणूक, मतदारयादी, शासन यांपैकी काहीच उभे राहू शकत नव्हते. फाळणीने लक्षावधी माणसे सीमेच्या पलीकडून अलीकडे आणि अलीकडून पलीकडे फेकली गेली होती.

त्यांच्यासाठी कलम ६ लिहिले गेले. पाकिस्तानातून भारतात आलेल्या व्यक्तीचा स्वतःचा, तिच्या आई-वडिलांपैकी एकाचा, अथवा आजी-आजोबांपैकी कोणाही एकाचा जन्म १९३५ च्या भारत शासन अधिनियमात व्याख्या केलेल्या भारतात झाला असेल, तर तिला भारताची नागरिक मानावे, असे हे कलम सांगते. १९ जुलै १९४८ ही त्यातील महत्त्वाची तारीख. त्यापूर्वी येऊन येथेच राहिलेल्यांना वेगळा अर्ज करण्याची गरज नव्हती. त्या दिवशी वा त्यानंतर आलेल्यांना सहा महिने वास्तव्य करून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा लागे आणि नोंदणी करून घ्यावी लागे. परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी कलम ८ आहे. तेथेही आजी-आजोबांच्या जन्मस्थानाची तीच कसोटी आहे. असा माणूस ज्या देशात राहतो, तेथील भारतीय वकिलातीत त्याने नोंदणी करावयाची.

या शब्दरचनेतील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. घटनाकारांनी केवळ वडिलांकडील आजोबांचा उल्लेख केला नाही. चार आजी-आजोबांपैकी कोणीही एक पुरेसे मानले. म्हणजे आईच्या आईचा जन्मही नातवाच्या नागरिकत्वाला आधार ठरू शकत होता. ज्या काळात मालमत्तेच्या वारसाहक्कात कन्येला समान वाटा नव्हता, त्या काळात राष्ट्राच्या वारशात मात्र आजीला आजोबांच्या बरोबरीने स्थान मिळाले होते.

हा विषय घटना समितीत सुखासुखी निकालात निघाला नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये ही कलमे सभागृहापुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मसुदा समितीला ज्या कलमांनी सर्वाधिक डोकेदुखी दिली त्यांत याची गणना केली. या चर्चेत वऱ्हाडचा आवाज ठळकपणे उमटला. विदर्भात शिक्षणाची गंगा आणणारे डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख यांनी मसुद्यावर कडाडून टीका केली. या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी जी उपसूचना मांडली तिच्यात, दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नसलेला हिंदू अथवा शीख, तो जगात कोठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वास पात्र असावा, असा मुद्दा होता. हिंदू आणि शीख यांना जगात दुसरे घर नाही, ही त्यामागील भावना. सभागृहाने ती उपसूचना फेटाळली आणि जन्म, अधिवास व वंश या कसोट्या कायम ठेवल्या. परंतु भाऊसाहेबांनी विचारलेला प्रश्न त्या मतदानाने संपला नाही. सात दशकांनी तो संसदेपुढे पुन्हा आला. त्याचा विचार पुढे होईलच.

वऱ्हाडच्या आजोबांचा जन्म कोणत्या राज्यात?

१९३५ च्या अधिनियमातील भारत, हे शब्द घटनेत का आले, हे समजून घेण्यासाठी मलकापूरहून चांगले उदाहरण सापडणार नाही. १८९० साली मलकापुरात जन्मलेल्या माणसाचा राजा कोण होता? शाळेतील मुलगा उत्तर देईल : इंग्रज. कायद्याचे उत्तर तसे नव्हते. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तरी त्यावरील सार्वभौमत्व हैदराबादच्या निजामाचेच राहिले. १९०२ मध्ये इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडला. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार ही पदवी देण्यात आली. कर वसूल करणार इंग्रज, न्यायनिवाडा करणार इंग्रज, परंतु कागदोपत्री भूमी निजामाची, असा हा विचित्र कारभार होता.

केवळ ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले, असे शब्द घटनेत असते, तर वऱ्हाडच्या लोकांचे काय, म्हैसूर, बडोदा, कोल्हापूरच्या लोकांचे काय, असा वाद निर्माण झाला असता. १९३५ च्या अधिनियमातील भारत या व्याख्येत ब्रिटिश मुलूख आणि सर्व संस्थाने, दोहोंचा समावेश होता. त्यामुळे संस्थानी आजोबा आणि खालसातील आजोबा असा भेद उरला नाही. शेकडो तुकड्यांत विभागलेल्या भूमीला नागरिकत्वाच्या व्याख्येत प्रथम एकसंध मानले गेले.

तरीही या व्याख्येत एक पोकळी राहिली. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली ही पोर्तुगिजांची, तर पाँडिचेरी फ्रेंचांची. ती त्या व्याख्येत बसत नव्हती.

गोव्याचे दोन दरवाजे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश काढला. या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती, तसेच जिच्या आई-वडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कोणी तेथे जन्मले होते अशी प्रत्येक व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली गेली. पूर्वीचेच नागरिकत्व राखावयाचे असल्यास एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावयाचे होते. बहुसंख्य गोमंतकीयांना असे काही कळवावेसे वाटले नाही. ज्या थोड्यांनी कळवले, त्यांत फादर मोंतेरो हे एक धर्मगुरू होते. परकीय म्हणून दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते येथे राहिले, तेव्हा त्यांच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गोवा हा व्यापलेला प्रदेश असून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपणांस लागू आहे, हा त्यांचा युक्तिवाद १९६९ मध्ये न्यायालयाने अमान्य केला. भूमी भारताची झाली आहे आणि तेथे भारताचाच कायदा चालेल, हे त्या निकालाने स्पष्ट झाले.

एक दरवाजा भारताने उघडला होता. दुसरा पोर्तुगालने उघडा ठेवला. सालाझारची राजवट १९६१ नंतरही गोव्याला आपलाच प्रांत म्हणत राहिली. १९७४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मात्र मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील दावा पोर्तुगालच्या कायद्याने पुसून टाकला नाही. आजी किंवा आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मले असतील, तर त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात करावयाची. मग त्यांच्या विवाहाची, नंतर त्यांच्या अपत्याची आणि शेवटी नातवाची. अशी एकेक कडी जोडत साखळी पूर्ण होते. पोर्तुगीज काळातील जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी गोव्यात व्यवस्थित ठेवलेल्या असल्यामुळे हे शक्य झाले. आजोबा हयात नसले तरी त्यांची नोंद बोलते.

या दरवाजाने सहस्रावधी गोमंतकीय बाहेर पडले. त्यांतील पुष्कळांचे गंतव्य लिस्बन नव्हते. पोर्तुगाल युरोपीय संघाचा सदस्य, आणि संघाच्या नागरिकाला इंग्लंडमध्ये काम करण्याची मुभा होती. इंग्लंडमधील स्विंडन, साउथॉल ही नावे सासष्टीच्या घरांत परिचित झाली ती यामुळे. ज्या पोर्तुगिजांनी मंदिरे पाडली, धर्मसमीक्षण सभेच्या नावाखाली लोकांचा छळ केला, ज्यांच्याविरुद्ध स्वातंत्र्यसैनिकांनी तुरुंगवास भोगला, त्यांच्याच नोंदवहीत आजोबांचे नाव शोधण्याची वेळ नातवावर यावी, हे वेदनादायक आहे. परंतु या तरुणांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आणि अन्यायाचे आहे. जो तरुण घर सोडतो, त्याच्या मागे रोजगाराचा प्रश्न असतो. विदर्भातील मुलगा पुण्याला जातो, गोव्याचा स्विंडनला जातो. पोर्तुगीज पारपत्र हे बहुतेकांच्या लेखी पोर्तुगालवरील निष्ठेचे चिन्ह नसून ते रेल्वेच्या तिकिटासारखे एक साधन आहे.

मात्र त्याची किंमत किती, याची जाणीव अनेकांना उशिरा होते. भारताच्या नागरिकत्व अधिनियमाचे कलम ९ सांगते की, जो स्वेच्छेने अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्यात नाही. मतदानाचा हक्क जातो, निवडणूक लढविण्याचा हक्क जातो, भारतीय पारपत्र परत करावे लागते. केवळ लिस्बनमध्ये जन्मनोंद केली, पारपत्र घेतलेच नाही, तर नागरिकत्व गेले की राहिले, यावर गोव्यात मोठे वाद झाले आणि लोकप्रतिनिधींवरही आक्षेप घेतले गेले. भारतीय पारपत्र रद्द झालेल्यांना पुढे परदेशस्थ नागरिकाचे पत्र मिळण्यात अडचण येऊ लागली. २०२४ मध्ये केंद्र सरकारने पारपत्र रद्द झाल्याचा दाखला त्यासाठी ग्राह्य धरण्याचे ठरवले, तेव्हा काहीसा दिलासा मिळाला. एका सहीने किती गोष्टी जातात, हे सही करण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

मराठी ज्यूंची परीक्षा

आजी-आजोबांची कसोटी मराठी माणसांच्या आणखी एका समाजाने अनुभवली. कोकणातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके येथे राहिला. रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. भारतात त्यांचा धर्मावरून छळ झाला नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. इस्रायलचे राष्ट्र १९४८ मध्ये स्थापन झाले आणि १९५० मध्ये तेथे परतीचा कायदा झाला. जगातील कोणत्याही ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क त्याने दिला. १९७० च्या दुरुस्तीने हा हक्क ज्यूच्या मुलांना आणि नातवंडांनाही मिळाला. एक आजोबा किंवा एक आजी ज्यू असली तरी पुरे.

परंतु राज्याचा कायदा आणि धर्मपीठाचा निर्णय यांत अंतर असते. बेने इस्रायल मंडळी इस्रायलमध्ये पोहोचली, तेव्हा १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, या समाजातील व्यक्तीचा अन्य ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईच्या, आजीच्या आणि त्यामागील मातृकुलाची चौकशी करावी. ज्यांनी दीड-दोन सहस्र वर्षे परक्या मुलखात शब्बाथ पाळला, त्यांना स्वतःच्या राष्ट्रात आजीचा पुरावा मागितला गेला. त्या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला फर्मान बदलावे लागले. आज इस्रायलमधील त्यांच्या घरांत मराठी टिकून आहे. 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये येथील ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या इतिहासातून घेण्याचा बोध असा की, वंशाची कसोटी दार उघडते, तशीच ती अपमानाचे साधनही होऊ शकते. कोणाच्या आजीविषयी प्रश्न विचारताना राष्ट्राने संयम राखला पाहिजे. हा नियम इस्रायललाच लागू आहे असे नाही.

सातव्या पिढीचे नाते

आता दूर गेलेल्यांकडे वळू. मॉरिशसमध्ये १८३४ नंतर कराराने बांधलेले मजूर भारतातून नेण्यात आले. त्यांत कोकणातून, मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. त्यांचे वंशज आजही गणेशोत्सव साजरा करतात आणि कोकणच्या जाखडीचे रूप असलेली झाकरी नाचतात. ज्या मळेवाल्यांनी त्यांना राबवले, त्यांच्या वसाहती सरकारने प्रत्येक मजुराला क्रमांक देऊन नोंद ठेवली. नाव, वय, जात, गाव, पुढे छायाचित्रसुद्धा. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. गुलामीसारख्या जिण्याची ती नोंद आज पणतूच्या पणतूला स्वतःच्या गावाचे नाव सांगते.

भारताने परदेशस्थ भारतीय नागरिक ही योजना २००६ पासून प्रत्यक्षात आणली. भारतीय मूळ असलेल्या व्यक्तीची मुले, नातवंडे आणि पतवंडे यांना हे पत्र मिळू शकते. पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिकत्व ज्यांच्या वा ज्यांच्या पूर्वजांच्या वाट्याला आले, ते मात्र या योजनेतून वगळलेले आहेत. मॉरिशससाठी मर्यादा वाढविण्यात आली. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथील भेटीत सातव्या पिढीपर्यंत ही सवलत देण्याची घोषणा केली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशस्थ नागरिक हे नाव असले, तरी ते पूर्ण नागरिकत्व नव्हे. व्हिसाविना ये-जा करता येते, राहता येते, व्यवसाय करता येतो. मतदान करता येत नाही, घटनात्मक पद मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्ण नागरिकत्व हवे असल्यास निराळी नोंदणी लागते. मूळ १९५५ च्या अधिनियमात भारतीय वंशाची व्यक्ती म्हणजे कोण, हे सांगताना आजी-आजोबांचाही उल्लेख होता. २००३ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीच्या कलमात स्वतः अथवा आई-वडील एवढ्यांवरच ही व्याख्या येऊन थांबली. म्हणजे आजोबांच्या आधारे आज भारताशी नाते जोडता येते, परंतु केवळ त्यांच्या आधारे नोंदणीने नागरिक होता येत नाही.

आजोबा पाकिस्तानचे नागरिक

ज्यांना १९४७ मध्ये निघता आले नाही, त्यांची कथा सर्वांत कठीण. सिंधमध्ये राहिलेली हिंदू कुटुंबे नंतरच्या दशकांत थोडी थोडी करून भारतात येत राहिली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर ती वर्षानुवर्षे राहतात. अशा कुटुंबात येथे बाळ जन्मले तरी ते आपोआप भारतीय होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी किमान एक भारतीय नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. मूल मराठी शाळेत शिकते, मराठीत कविता म्हणते, १५ ऑगस्टला झेंड्याला वंदन करते. अठरा वर्षांचे झाल्यावर मित्रांची नावे मतदारयादीत येतात, त्याचे येत नाही. नोकरीच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना आला की लेखणी थबकते. हा प्रश्न भावनेपुरता मर्यादित नाही, त्या मुलाच्या भवितव्याचा आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागरिकत्वाचे अधिकार काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे ते जिल्हे होते. बुलढाणा त्यांत नव्हता. म्हणजे कोण कोणत्या जिल्ह्यात येऊन राहिला, यावर त्याची वाट लांब की आखूड हे ठरत होते.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत केला. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन व्यक्तींना त्याने नागरिकत्वाची वाट दिली. अकरा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आणली. भाऊसाहेब देशमुखांच्या उपसूचनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंत फरकही आहे. भाऊसाहेबांची उपसूचना जगातील कोणत्याही हिंदू वा शिखासाठी होती. हा कायदा तीन देशांपुरता, सहा समाजांपुरता आणि एका तारखेपुरता आहे. या कायद्यावर देशात तीव्र मतभेद झाले, आंदोलने झाली, सर्वोच्च न्यायालयात त्याला आव्हानही दिले गेले. त्यामुळे कोणाही भारतीय नागरिकाचे नागरिकत्व जात नाही, ही सरकारची भूमिका राहिली आहे.

त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले आणि १५ मे २०२४ रोजी दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रे देण्यात आली. या नियमांत पुन्हा आजोबा भेटतात, पण उलट्या बाजूने. अर्जदार त्या तीन देशांपैकी एकाचा आहे हे दाखविण्यासाठी ग्राह्य कागदांच्या यादीत, त्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी त्या देशाचे नागरिक असल्याचे दाखविणारा कागदही आहे. १९४९ मध्ये निर्वासिताला सांगावे लागे : माझे आजोबा भारतात जन्मले. त्याच सिंधमधून आलेल्या दुसऱ्या कुटुंबाचा नातू २०२४ मध्ये सांगतो : माझे आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते. गाव तेच, नदी तीच, कुलदैवतही तेच. सीमारेषा मध्ये आली आणि आजोबांच्या नावाचा अर्थ बदलला.

अर्ज संगणकावरून करावयाचा. टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती कागद तपासते आणि निष्ठेची शपथ देते. अंतिम निर्णय राज्यस्तरावरील अधिकारप्राप्त समितीचा. ज्या कुटुंबाने रात्रीतून घर सोडले, त्याच्याजवळ शाळेचा एखादा दाखला किंवा जमिनीचा एखादा कागद तरी राहिला आहे का, यावर सारे अवलंबून असते. अशा कुटुंबाला अर्ज भरण्यास साहाय्य करणे, शपथपत्र करून देण्यासाठी वकील मिळवून देणे, समितीपुढे त्याच्यासोबत जाणे, हे गावातील सुशिक्षितांना सहज जमणारे काम आहे. त्यासाठी भाषणे नकोत, चार मोकळ्या दुपारी हव्यात.

घरातील कागद

शेवटचा मुद्दा सर्वांच्या घरचा. आजोबा कोण, हे मलकापूर तालुक्यात कसे सिद्ध होईल? शंभर वर्षांपूर्वी जन्माची नोंद गावचा कोतवाल करीत असे. म्हणून आजही विदर्भात कोतवाल बुकाची नक्कल हा जुन्यात जुना पुरावा मानला जातो. दुसरा आधार शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. तिसरा महसुली कागद : जुने हक्कपत्रक, फेरफार, खरेदीखत. त्यांतील बरेच मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने हे दप्तर महाराष्ट्रभर उघडले गेले, तेव्हा मोडी जाणकारांची किती टंचाई आहे, हे साऱ्यांनी पाहिले.

अडचणी नेहमी त्याच असतात. नोंदीत नुसते पहिले नाव असते, आडनाव नसते. कोठे मुलाचे नावच नसते, 'अमक्यास मुलगा झाला' एवढेच लिहिलेले असते. आजीची अडचण आणखी मोठी. विवाहात नवरीचे नाव बदलण्याची आपल्याकडे प्रथा. माहेरच्या नोंदीत एक नाव, सासरच्या नोंदीत दुसरे. घटनाकारांनी आजीला आजोबांच्या बरोबरीने बसवले, पण आपल्या प्रथेने तिचा माग पुसून टाकला. तिचा जन्मदाखला आणि विवाहानंतरचे नाव यांना जोडणारा एक तरी कागद घरात असावा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्मदाखल्यालाच स्थान देण्यात आले आहे. तेव्हा आजच्या बाळाची नोंद वेळेवर आणि बिनचूक करणे हे पुढे त्याच्या नातवावरही उपकार केल्यासारखे आहे. घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना जन्मगाव, शाळा, माहेर, भावंडे यांविषयी विचारून लिहून ठेवावे. तहसील कार्यालयातून, शाळेतून नकला काढून एका पिशवीत ठेवाव्यात. हे काम एका रविवारचे आहे, पण ते न केल्याने नातवाची वर्षे जाऊ शकतात.

नागरिकत्व कागदाने सिद्ध होते. मात्र ते कागदाने निर्माण होत नाही. ते निर्माण होते सहवासाने, कष्टाने, या भूमीच्या सुखदुःखात वाटेकरी होण्याने. जो बाहेर गेला त्याचे नाते तुटू नये, जो आश्रयासाठी आला त्याला दारात ताटकळावे लागू नये, आणि जो येथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिला त्याला केवळ कागद हरवल्यामुळे परके ठरण्याची भीती वाटू नये. या तीन गोष्टी ज्या राष्ट्रात साधतात, त्या राष्ट्रात आजोबांचा दाखला हे ओझे राहत नाही. तो वारसा होतो.